मांजराच्या जटा काढल्या तरी पुन्हा होतात? कात्री उचलण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. पर्शियन किंवा पर्शियन-मिक्स मांजर आहे. काखेत, कानामागे, पोटाखाली नाहीतर शेपटीच्या बुडाशी केसांच्या घट्ट जटा झाल्यात. मागच्या वेळी पार्लरवाल्याकडून काढून घेतल्या, त्याआधी घरीच कापल्या होत्या, एकदा तर सगळं अंग भादरून आणलं. केस वाढले की पुन्हा त्याच जागी तेच. आता तर ब्रश हातात घेतला तरी मांजर कॉटखाली पळतं आणि अंगाला हात लावला की फिस्कारतं.

सोलापुरात हे मला वर्षभर ऐकायला मिळतं, आणि थंडी सरून उन्हाचा चटका लागला की जास्त. त्या दिवसांत मांजराची आतली मऊ लव गळते. लांब केसांच्या मांजरात ती गळालेली लव बाहेर पडत नाही, वरच्या केसांत अडकून बसते. चालताना, बसताना घासली जाते, थोडी ओल लागते, आणि बघता बघता तिचा नमदा, म्हणजे दाबून बसलेला घट्ट थर, तयार होतो.

उत्तर आधी सांगते, तपशील मग. जटा परत परत होण्यामागे बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट असते. एक म्हणजे ब्रश रोज फिरतोय पण वरवर, कातडीजवळची लव तशीच राहतेय. दुसरी म्हणजे मांजराला स्वतःचं अंग चाटून साफ करणंच जमत नाहीये, कारण कुठेतरी दुखतंय, वजन वाढलंय किंवा आजार आहे. पहिलीवर उपाय घरात आहे, दुसरीवर दवाखान्यात. तुमच्या मांजराचं कारण कोणतं, हे जटेची जागाच बऱ्यापैकी सांगते. म्हणून ती घाईने कापून टाकण्याआधी नीट बघा, जमलं तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आधी काय करायचं नाही

कात्री लावायची नाही. हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट जसजशी घट्ट होते तसतशी ती खालची कातडी स्वतःत ओढून घेते, आणि आपण जट वर उचलतो तेव्हा कातडीचा तंबूच तिच्यासोबत वर येतो. वरून दिसतात फक्त केस. कात्री चालते त्या कातडीवर. ‘जरा टोक लागलं’ असं वाटतं, प्रत्यक्षात टाके घालण्याइतकी भेग पडलेली असते. कात्री बोथट टोकाची असली, लहान मुलांची असली, तरी तेच. पेट शॉपमध्ये जटा फाडायचं वाकड्या पात्याचं एक हत्यार मिळतं, तेही कातडीजवळ नेऊ नका.

जटा असताना अंघोळ घालायची नाही. ‘शाम्पूने मऊ होतील’ हा समज फार पक्का आहे. पाणी लागून वाळलेली जट आवळते आणि आत अडकलेली ओल दिवसभर कातडीला चिकटून राहते. तिथे मग चिघळतं. आधी जटा काढायच्या, मग अंघोळ, हा क्रम बदलायचा नाही.

खोबरेल तेल चोपडू नका. जट सुटत नाही, धूळ बसते, आणि मांजर ते सगळं चाटून पोटात घेतं, मग जुलाब. टी ट्री ऑइल किंवा तसलं कुठलंही सुगंधी अर्क-तेल तर मांजराला विषारी आहे. कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषधही लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं आणि त्याने मांजराला झटके येऊन जीव जाऊ शकतो.

जट नेमकी कुठे आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

कमरेवर, पाठीच्या मागच्या भागात, शेपटीच्या बुडाजवळ जटा असतील तर मांजराची मान तिथपर्यंत वळत नाहीये असं समजा. जाड मांजरांत हे हमखास दिसतं. वय झालेल्या मांजरात सांधे दुखत असतात. बारा वर्षांपुढच्या मांजरांचे एक्स-रे काढले तर बहुतेकांत सांधेझीज सापडते, पण मांजर लंगडत नाही, ओरडत नाही, फक्त उड्या कमी करतं आणि पाठ चाटणं सोडतं. घरच्यांना वाटतं, म्हातारं झालं, आळशी झालं.

एकाच बाजूला जटा असतील आणि दुसरी बाजू स्वच्छ असेल तर त्या बाजूला काहीतरी दुखतंय. हे लक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते नजरेतून सहज निसटतं.

हनुवटीखाली आणि गळ्याशी जटा आणि केस ओलसर, वासाचे असतील तर तोंड उघडून बघायला डॉक्टरांना सांगा. दात किडलेला, हिरडी सुजलेली असली की लाळ गळते. तोंड दुखत असेल तर मांजर चाटणंही कमी करतं, त्यामुळे मग सगळ्या अंगावर गुंता होतो. गळ्यात पट्टा असेल तर तो काढून बघा, पट्ट्याखालची घासही पुरते.

कानामागे जटा असतील तर कान खाजत आहेत का ते पाहा. कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळपट मळ दिसला तर कानातले किडे असू शकतात. मांजर मागच्या पायाने खाजवतं आणि तिथले केस पिळून जटा करतं. किड्यांवर उपचार न करता जटा काढत बसलात तर आयुष्यभर काढत बसाल.

मागच्या मांड्या, शेपटीखाली आणि पोटाच्या मागच्या भागात शी-शू लागून झालेल्या जटा वेगळ्या. जुलाब, लघवीचा त्रास, फार उंच काठाचा लिटर ट्रे, कमी वेळा साफ होणारा ट्रे, ही कारणं शोधा. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर जटांचा विषय बाजूला ठेवा आणि त्याच तासाला दवाखाना गाठा. लघवी तुंबलेला बोका उद्यापर्यंत थांबू शकत नाही.

नसबंदी न झालेल्या बोक्याच्या शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला तेलकट, मेणचट पट्टा आणि त्यात चिकटलेले केस दिसतील. तिथल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. नसबंदीनंतर हे बऱ्याचदा कमी होतं. तिथेच काळे बारीक कण दिसले तर ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची घाण आहे.

काखेत आणि जांघेत थोडाफार गुंता धडधाकट मांजरालाही होतो. तिथे कातडी कातडीला घासते. एवढ्यासाठी घाबरू नका.

आणि सगळ्या अंगावर, महिन्याभरात अचानक, आधी नीटनेटक्या असलेल्या मांजराला जटा झाल्या असतील, सोबत वजन उतरतंय, पाणी जास्त पितंय, किंवा खूप खाऊनही वाळतंय असं असेल तर रक्त तपासून घ्या. मूत्रपिंड, मधुमेह, थायरॉइड यांतलं काहीही असू शकतं.

अशोक चौकाकडच्या एका घराचं सांगते. पुढच्या खोल्यांत कुटुंब राहतं, मागच्या बाजूला टॉवेलचे माग. त्यांच्या पर्शियन बोक्याच्या पाठीवर सारख्या जटा व्हायच्या. घरातल्या काकांचं म्हणणं, मागावरची सुताची लव उडते, ती त्याच्या अंगावर बसते, दुसरं काय. लव बसत होतीच, मीही पाहिली. पण ती त्याच्या सगळ्या अंगावर सारखी होती, मिशांवरसुद्धा, आणि जटा होत्या फक्त कमरेच्या उजव्या बाजूला. काकूंना विचारलं, हा पूर्वी कुठे बसायचा? त्या म्हणाल्या, खिडकीत बसायचा, आता बरेच दिवस खालीच असतो, उन्हामुळे असेल. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर उजव्या खुब्याचा सांधा झिजलेला. औषध सुरू झालं, खिडकीखाली एक बुटकं स्टूल आलं, आणि काही आठवड्यांनी तो स्वतःची कंबर चाटायला लागला. पाठीवरच्या जटा थांबल्या. पोटाखाली अजून अधूनमधून होतात, कारण वजन अजून उतरायचंय.

दुखण्याचा संशय आला म्हणून घरातली गोळी मात्र देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

घरी सोडवायची की दवाखान्यात न्यायची?

जट बोटांच्या चिमटीत धरून हलवा. कातडीपासून वेगळी हलत असेल, बोराएवढी किंवा त्याहून लहान असेल आणि मांजर शांत असेल तर घरी प्रयत्न करायला हरकत नाही.

जट कातडीला घट्ट चिकटली आहे, हाताला पापडासारखा सलग पापुद्रा लागतोय, खालून वास येतोय, ओल आहे, लाली किंवा जखम दिसतेय, मांजर हात लावू देत नाहीये, तर ते काम घरचं नाही आणि पार्लरचंही नाही. पशुवैद्यकाचं आहे. आपल्या हवेत, विशेषतः पावसाळ्यात, शी-शू लागलेल्या जटेखाली माशी अंडी घालते आणि अळ्या पडतात. तसं काही वळवळताना दिसलं तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका.

जटेच्या आसपास गोल टक्कल आणि कोंडा असेल तर गजकर्ण असू शकतं. पर्शियन मांजरांत ते बऱ्यापैकी आढळतं आणि माणसांनाही लागतं, लहान मुलांना आधी. त्या मांजराचा कंगवा दुसऱ्या कुठल्याही जनावराला वापरू नका.

लहान जट घरी कशी सोडवायची

वेळ सकाळची लवकरची किंवा दिवे लागल्यानंतरची घ्या. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो. दुपारी घाबरलेलं मांजर धरून बसणं धोक्याचं आहे. पंखा किंवा कूलर चालू असू द्या, पण कूलरचा ओला झोत थेट अंगावर नको. मांजर जेवून सुस्तावलेलं असलं तर फार बरं.

एक जुना टर्किश टॉवेल घ्या. तो तर आपल्याकडे घरोघरी असतोच. मांजराला त्यावर बसवा, गुंडाळायचंच असेल तर सैल गुंडाळा आणि जटेची बाजू मोकळी ठेवा. मानगूट धरून लटकवायचं नाही, दोघांनी मिळून दाबून धरायचं नाही. एकाने समोर बसून चमच्यावरून उकडलेलं चिकन द्यावं, मीठ-मसाला, कांदा-लसूण न घातलेलं. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक असतात.

आता हाताचं काम. डाव्या हाताची दोन बोटं जटेच्या मुळाशी, कातडी आणि जट यांच्या मध्ये सरकवा आणि तिथले केस घट्ट धरा. पुढे जी काही ओढ बसेल ती तुमच्या बोटांवर बसली पाहिजे, कातडीवर नाही. जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोर टाका आणि उजव्या हाताच्या बोटांनी ते आत चोळा. तेलकटपणा आणि ओल निघून केस एकमेकांवरून सरकायला लागतात. अंगाला लावायची सुगंधी पावडर नको, ती नाका-फुफ्फुसांत जाते. मग जट बोटांनी हळूहळू उभी फोडायची, मुळाकडून टोकाकडे, एकीच्या दोन, दोनच्या चार. कंगवा यानंतर. स्टीलचा, गोल टोकांच्या दातांचा. त्याचे शेवटचे दोन-तीन दातच वापरा आणि जटेच्या बाहेरच्या टोकापासून सुरुवात करा. मागावर ताण्यात गुंता झाला की कारागीर मधल्या गाठीला हात घालत नाही, सुटं टोक शोधतो. तसंच इथे. टोकाचे चार केस सुटले की थोडं आत, मग आणखी थोडं. मुळापासून एकदम कंगवा ओढलात तर मांजराला पुढची कित्येक वर्षं कंगवा आठवत राहील.

एक जट सुटली की थांबा. अर्धी सुटली तरी चालेल, उरलेली उद्या. शेपूट जोरात आपटणं, कान मागे चपटे होणं, पाठीची कातडी थरथरणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, यांतलं काहीही दिसलं की सोडून द्या. तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर लगेच सोडा, गार जागेत ठेवा. काही मिनिटांत श्वास पूर्ववत झाला नाही तर दवाखाना. मांजर कुत्र्यासारखं सहज धापा टाकत नाही.

मशीनबद्दल. दाढीचा ट्रिमर वापरू नका. त्यात लव अडकते, पातं तापतं आणि सैल कातडी दातांत येते. जनावरांसाठीचं क्लिपर आणि १० नंबरचं ब्लेड हे योग्य साधन आहे. पाठीवरची सुटी जट असेल, मांजर शांत असेल आणि कुणी जाणकाराने एकदा तुम्हाला हातात धरून शिकवलं असेल तर घरी जमतं. कातडी एका हाताने ताणून सपाट करायची, ब्लेड कातडीला समांतर ठेवायचं, टोक खाली खुपसायचं नाही, आणि दर मिनिटाला ते स्वतःच्या मनगटाला लावून तापलंय का बघायचं. काख, जांघ, पोट आणि कान या जागा घरी नाहीत. तिथे कातडीच्या घड्या असतात, पोटावर स्तनाग्रं असतात, बोक्यालाही असतात, आणि केसांत ती दिसत नाहीत.

गुंगी देऊन काढायची म्हटलं तर घाबरू नका

‘नुसत्या केसांसाठी भूल?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि घरातली आजी तर म्हणतेच की एवढ्याशा जिवाला इंजेक्शन कशाला. काळजी खरी आहे. पण घट्ट जटांचं मांजर जागेपणी, चौघांनी धरून भादरणं ही त्याहून मोठी यातना आहे. प्रत्येक हालचालीला कातडी ओढली जाते, मांजर झटका देतं आणि पातं लागतं. गुंगीत ते झोपलेलं असतं, डॉक्टर कातडी नीट बघू शकतात, कान, दात, नखं त्याच वेळी तपासून होतात. ज्या मांजराचं सगळं अंग जटांनी झाकलं आहे त्याच्यासाठी मला हाच माणुसकीचा मार्ग वाटतो.

मात्र गुंगी फक्त पशुवैद्यकानेच द्यायची. पार्लरवाला ‘थोडं झोपेचं औषध देतो’ म्हणाला तर मांजर उचला आणि घरी या. डॉक्टरांना वय, वजन, आधीचे आजार, पाणी-लघवीतला बदल सगळं सांगा. पर्शियन असेल तर मूत्रपिंडाचा आणि हृदयाचा विषय आवर्जून काढा. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो, आणि चपट्या नाकामुळे श्वासाकडेही जास्त लक्ष द्यावं लागतं. सात-आठ वर्षांपुढच्या मांजराची रक्ततपासणी आधी करून मागा. उपाशी किती तास ठेवायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच ठेवा. फार घाबरट मांजर असेल तर घरून निघण्याआधी द्यायचं शांत करणारं औषध लिहून मिळू शकतं, तेही विचारा. नेताना पिंजऱ्यावर ओढणी टाका, आणि होटगी रोड असो की विजापूर रोड, दुपारच्या उन्हात रिक्षात अडकू नका.

भादरल्यानंतरचे दिवस

जट निघाल्यावर खालची कातडी लाल, कोंडा धरलेली, कधी निळसर दिसते. इतके दिवस ती ओढली गेलेली असते आणि तिला हवा लागलेली नसते. डॉक्टरांनी दिलेलं सोडून काहीही लावू नका. हळद-तेलाचा लेप नको, माणसांचं मलम नको. डेटॉल आणि फिनाईल तर मांजराला विषारी आहेत. फरशीही फिनाईलने पुसली असेल तर साध्या पाण्याने परत पुसा, कारण उघडं पोट घेऊन ते त्याच फरशीवर लोळणार आणि मग स्वतःला चाटणार.

काही मांजरं दिवसभर लपून बसतात, पाय झटकतात, अंग हलकं झाल्यामुळे चाल बदलते. त्यांना तसं राहू द्या, आणि मुलांना समोर हसू देऊ नका. खाण्यावर मात्र नजर ठेवा. एक दिवसभर मांजराने काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर चरबी चढून जिवावर बेतू शकतं. म्हणूनच वजन उतरवायचं म्हणून जेवण एकदम तोडायचं नसतं.

भादरलेलं मांजर उन्हात सोडू नका. पांढऱ्या मांजराची कातडी लवकर भाजते. आणि एक मागणं, जटा नसताना केवळ उन्हाळा आला म्हणून दरवर्षी सगळं अंग भादरून आणू नका. विंचरलेले, मोकळे केस मांजराला उन्हापासून थोडं सांभाळतातच. गार फरशी, पाण्याची दोन-तीन भांडी आणि सावली यांनी जास्त काम होतं.

परत होऊ नयेत म्हणून: ओळ पाडून विंचरा

आता मघाशी म्हटलेलं पहिलं कारण, ब्रश वरवर फिरणं. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यांनीच ते स्वतःला विंचरतं. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की या काट्यांची टोकं पोकळ असतात आणि त्यांतून लाळ केसांत खोलवर पोचते. पण पर्शियनच्या दाट, लांब केसांत ते काटे कातडीपर्यंत पोचू शकत नाहीत. म्हणजे निरोगी पर्शियनसुद्धा स्वतःचे केस स्वतः सांभाळू शकत नाही. माणसाने निवडून निवडून घडवलेली ही जात आहे, तेव्हा तिच्या केसांची जबाबदारी माणसाचीच.

आणि तारांचा तो चपटा ब्रश, ज्याला स्लिकर म्हणतात, तो वरचे केस चकचकीत करतो. मांजर फुलून दिसतं, फोटो छान येतो, आणि अर्ध्या इंचाखाली नमदा जमत राहतो. तपासायचं असेल तर आज ब्रश झाल्यावर लगेच स्टीलचा कंगवा कातडीला टेकवून टोकापर्यंत न्या. अडकला तर ब्रशने काम झालेलं नाही.

पद्धत अशी. पोटाच्या जवळून सुरुवात करा. एका हाताने केस वर उलटे धरून एक आडवी ओळ पाडा, कातडी दिसली पाहिजे. त्या ओळीतले थोडेसेच केस खाली घ्या आणि मुळापासून टोकापर्यंत विंचरा. आधी मोठ्या दातांनी, मग बारीक. मग वरची ओळ. एका दिवसात सगळं अंग करायची गरज नाही. आज उजवी बाजू, उद्या डावी, परवा शेपूट आणि पायांच्या झालरी. काख, कानामागची जागा आणि मांड्या मात्र रोज, अगदी दोन मिनिटं. रोजची वेळ एकच ठेवा, शेवटी काहीतरी आवडीचं द्या, आणि मांजर कंटाळण्याआधी तुम्ही थांबा. ब्रशला घाबरून गेलेल्या मांजरासाठी पहिला आठवडा कंगवा नुसता शेजारी ठेवून खाऊ द्यायचा, मग कंगव्याच्या पाठीने गाल खाजवायचे. मांजरांना गाल खाजवून घ्यायला आवडतं. दातांची बाजू त्यानंतर.

ज्यांना एवढा वेळ खरंच नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पोट, काखा आणि मांड्यांचे केस दर दोन-तीन महिन्यांनी जाणकाराकडून बारीक करून घ्या, म्हणजे रोज विंचरायला फक्त पाठ आणि शेपूट उरेल.

आपल्या गावच्या काही गोष्टी वेगळ्या आहेत, त्या धरूनच चालायला हवं. घरात किंवा शेजारी माग असेल तर सुताची लव रोज बसणारच, संध्याकाळी ओलसर हात फिरवून ती काढून घ्या. जुळे सोलापूरकडे मोकळे प्लॉट आहेत, पावसाळ्यानंतर तिथे आघाडा, गोखरू आणि कुसळाचं गवत माजतं. बाहेर फिरणाऱ्या मांजराच्या केसांत ती बोंडं बसतात आणि प्रत्येक बोंडाभोवती नवी जट तयार होते. कुसळ कातडीत घुसून गळूही होतं. त्या दिवसांत घरात आलं की आधी पोट आणि बोटांमधली जागा चाचपा. काळी माती पंजांच्या केसांत वाळून खडे होते. ती कोमट पाण्यात पंजे बुडवून, विरघळवून काढा, ओढून काढू नका. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून अंघोळ चुकली याची खंत नको, विंचरलेल्या मांजराला अंघोळ क्वचितच लागते. मागची बाजू घाण झाली तर तेवढाच भाग तांब्याभर कोमट पाण्याने धुवा, साबण राहू देऊ नका, आणि टॉवेलने टिपून पूर्ण कोरडा करा.

हे सगळं नीट करूनही त्याच जागी तिसऱ्यांदा जट झाली तर पार्लरची वेळ घेण्याऐवजी दवाखान्याची घ्या. जाताना तीनही वेळचे फोटो, मांजराचं आताचं आणि जुनं वजन, ते कुठे उडी मारायचं आणि आता कुठे मारत नाही, कोणत्या बाजूने चावून खातं, ट्रेमध्ये दिवसातून किती वेळा जातं, एवढं कागदावर लिहून न्या, आणि डॉक्टरांना विचारा: याला नेमकं कुठे दुखतंय ते बघाल का?